गिनीपिगचे केस जातायत? आधी ट्यूब मागू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रत्नागिरीत माझं मेडिकल आहे. माणसांचं. तरी हल्ली पावसाळा सुरू झाला की काउंटरवर गिनीपिगवाले यायला लागतात आणि सगळ्यांचं मागणं एकच, "काका, ह्याचे केस जातायत ओ, कुठलीतरी ट्यूब द्या." काहीजण फोटो दाखवतात, काहीजण प्राणीच खोक्यात घालून आणतात, एका आजोबांनी तर पिशवीत आणला होता, वरून कोथिंबिरीची जुडी. बरेचसे प्राणी मुंबईकडून आलेले, गणपतीला चाकरमानी घेऊन येतात, नातवाचा शौक चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत टिकतो आणि मग पिंजरा आजी-आजोबांच्या पडवीत. असो.

पत्र लिहितोय ते ट्यूबसाठी. लोक जी ट्यूब मागतात ती बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र केलेली असते, बुरशीचं, जंतूंचं आणि त्यात स्टेरॉइड. लावली की दोन दिवसांत खाज कमी, लाली कमी, माणूस खूश. पण स्टेरॉइडने कातडीची तक्रार दबते, बुरशी मरत नाही, ती आतून पसरतच राहते. माणसांमध्ये ह्याचा इतका धुमाकूळ झाला की २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मिळतात, कुठे मिळतात ते सगळ्यांना माहितीये, मी माझ्याच धंद्याबद्दल जास्त बोलत नाही. गिनीपिगचं तर अजून अवघड, तो अंग चाटून साफ करणारा प्राणी, जे चोपडाल ते पोटात जाणार. करंजतेल, कडुनिंबाचं तेल, कापूर घातलेलं खोबरेल, सगळं आलं त्यात. आणि पिंजऱ्याजवळ डांबरगोळ्या ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो.

मुळात केस जाणं हा काही रोग नाही. त्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, कधीकधी उलटं पडतं.

मध्ये एक ताई आल्या, मुलगा बरोबर, पाचवी-सहावीतला. गिनीपिगच्या नाकावर आणि डोळ्याभोवती केस गेलेले, पांढरट कोंडा धरलेला. मी सहज मुलाचा हात बघितला तर कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे तो प्राणी धरून बसतो तिथेच, गोल लाल चट्टा, कडेला उठलेला, मध्ये साफ. गजकर्ण. ताई म्हणाल्या, "मग एकच ट्यूब दोघांना चालेल ना?" मी काहीच दिलं नाही, मुलाला स्किनवाल्या डॉक्टरांकडे आणि प्राण्याला गुरांच्या दवाखान्यात पाठवलं, ताई जरा रागावल्याच. पण गिनीपिगचं गजकर्ण माणसाला लागतं हे खरंच लोकांना माहीत नसतं. ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी असते, बहुतेक वेळा तोंडाकडून सुरू होते, नाक, डोळे, कान, आणि मग पाठीवर. काही प्राण्यांच्या अंगावर ती असते पण वरून दिसत काहीच नाही, म्हणजे धडधाकट दिसणाराही घरभर वाटत फिरतो. आणि बुरशी तपासायला डॉक्टर जो निळा दिवा मारतात त्याखाली ती चमकत नाही, त्यामुळे दिवा मारून "बुरशी नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, केस आणि कोंडा काढून तपासायला द्यावा लागतो, कल्चर लावलं, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघितली, तर रिपोर्टला दोन-तीन आठवडेही जातात. घरातल्या सगळ्यांचे उपचार एकदमच व्हायला हवेत, नाहीतर ह्याच्याकडून त्याला आणि परत त्याच्याकडून ह्याला.

दुसरं म्हणजे खरूज. एका मुलीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, तिचा गिनीपिग मागच्या पायाने खाजवतोय, खाजवतोय, आणि खाजवता खाजवता आडवा पडून आखडला, पाय ताठ. ती म्हणाली, "काका, ह्याला आकडी येते, फिट्सची गोळी द्या ना." फिट्सची गोळी! ट्रायक्झाकॅरस नावाचा किडा असतो, डोळ्याला दिसत नाही, कातडीत बोगदे करून राहतो आणि त्याची खाज इतकी भयंकर असते की प्राण्याला आकडीसारखे झटके येतात. मान, पाठ, मांड्यांच्या आतली बाजू, तिथले केस जातात, कातडी जाड आणि पिवळट खपल्यांची होते, हात लावला तरी ओरडतो. ह्याच्यावर आयव्हरमेक्टिन चालतं, आणि इथेच दुसरा घोळ आहे, कारण कोकणात ते सगळ्यांना माहितीये, गुरांना देतात. गुरांच्या इंजेक्शनमध्ये एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं. किलोभराच्या गिनीपिगला लागतं ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीचा पंचविसावा-पन्नासावा भाग. हा डोस मी घरी टोचायला सांगत नाहीये, उलट अंदाजाने भरलेल्या सिरिंजमध्ये वीसपट औषध कसं सहज जातं ते दाखवतोय. शिवाय किड्याची अंडी त्या औषधाने मरत नाहीत, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं, आणि पिंजऱ्यातल्या सगळ्यांनाच, ज्याला खाज नाही त्यालाही.

उवा असल्या तर नीट उजेडात केस उलटे करून बघा, दिसतात, लिखा केसाला चिकटलेल्या असतात. त्या माणसाच्या डोक्यात जात नाहीत, घाबरू नका.

मादी असेल, दीड-दोन वर्षांच्या पुढची, आणि दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत, खाजवत अजिबात नाही, तर हे कातडीचं दुखणं नसतंच मुळी, बहुतेक वेळा अंडाशयात गाठी असतात. त्याला सोनोग्राफी लागते. ह्या प्राण्याला कितीही मलम लावा, आयुष्यभर लावा, फरक पडणार नाही. गाभण असेल तर शेवटी शेवटी केस विरळ होतात, ते पिल्लं झाल्यावर आपोआप येतात. कानामागे टक्कल असतं ते मात्र जन्माचंच, सगळ्यांनाच असतं, त्याच्यासाठी माझ्याकडे येणारेही आहेत.

आता खाण्याचं. गिनीपिगला आपल्यासारखंच सी व्हिटॅमिन शरीरात बनवता येत नाही, रोज बाहेरून लागतं, किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. नाही मिळालं की केस राठ होतात, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त, जखमा भरत नाहीत. दुकानात सशाचं खाद्य "दोघांनाही चालतं" म्हणून विकतात, सशाला सी व्हिटॅमिन बाहेरून लागत नाही म्हणून त्यात ते घातलेलंच नसतं. आणि गिनीपिगच्या खाद्यात घातलेलं असलं तरी आपल्या दमट हवेत पाकीट उघडं राहिलं की त्याची ताकद लवकर जाते. पाण्यात गोळी विरघळवून ठेवू नका, काही तासांत उतरते. त्यापेक्षा ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, पेरूची छोटी फोड. परड्यातला अळू मात्र कधीच नको, आपल्या घशाला खाजतो तसा त्यांच्याही. आणि सुकं गवत भरपूर, ते कमी पडलं की रिकामटेकडे बसून एकमेकांचे केस कुरतडतात, तिथली कातडी स्वच्छ असते आणि केस कापल्यासारखे खुंट राहतात. उडवीतला भाताचा पेंढा हे गवत नव्हे, त्यात पोषण फार नसतं आणि टोकं डोळ्यात जातात.

जाता जाता एक, लहान मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप कृपा करून पाजू नका. खपल्यांत पू झाला म्हणून लोक देतात. ह्या प्राण्याच्या आतड्यातले चांगले जंतू त्याने मरतात, वाईट माजतात आणि प्राणी दोन-चार दिवसांत जातो. केस गेले म्हणून आणला आणि जुलाबाने मेला असं झालंय.

आता माझं म्हणणं. कातडी खरवडून काचेवर घेऊन बघायला एक ब्लेड, तेलाचा थेंब आणि मायक्रोस्कोप लागतो. शेणातली जंतांची अंडी बघायचा मायक्रोस्कोपच पुरतो. पण आपल्याकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गिनीपिग नेला की आधी हसतात, मग "मुंबईला न्या". परळला वेटरनरी कॉलेज आहे, १८८६ पासूनचं, पण केस गेलेल्या प्राण्याला घेऊन सव्वातीनशे किलोमीटर कोण जाणार? आणि मे महिन्याच्या उकाड्यात नेला तर तो वाटेतच उष्माघाताने जायचा. आठवड्यातला एक दिवस, एक तास, प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात लहान पाळीव प्राण्यांसाठी ठेवायला काय हरकत आहे? २०१८ पासून पेट शॉपला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ती बाजारात खोकं मांडून बसणाऱ्यांकडे आहे का तेही कोणी विचारत नाही.

आपल्या पेपरला विनंती, ज्या दवाखान्यात असा डॉक्टर बसतो त्याचा वार आणि वेळ छापा. आपला पेपर तसाही पिंजऱ्यात अंथरला जातो, राग मानू नका, शाई सुकलेला कागद त्याला चालतो, फक्त ओला झाला की लगेच बदला. आणि ज्यांना डॉक्टर सापडेल त्यांनी सकाळच्या गारव्यात जा, जोडीदारालाही त्याच खोक्यात न्या, आधी काही चोपडू नका म्हणजे खरवडल्यावर काय ते दिसेल, आणि चोपडलंच असेल तर त्या ट्यूबचं खोकं सोबत ठेवा.

कळावे,
आपला,
एक मेडिकलवाला, रत्नागिरी