अग्निगुंडाल्याच्या तीन टेकड्या

नागपूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. विद्यार्थ्यांना घेऊन अग्निगुंडाल्याला जाणार आहेस, हे फार चांगलं केलंस. शिसं, चांदी आणि तांबं एकाच पट्ट्यात कसं वाटलं जातं हे पाहायला यापेक्षा आटोपशीर जागा मला माहीत नाही.

आपल्या ओट्यांना लागणारी कडप्पा फरशी ज्या खोऱ्यातून येते, त्याच खोऱ्याचा हा ईशान्य कोपरा, आंध्रच्या पालनाडू जिल्ह्यातला. डोलोमाइट, क्वार्टझाइट आणि फायलाइट असे खडक आहेत, आणि ते जबर घडी पडलेले आहेत. सह्याद्रीतल्या आडव्या थरांना सरावलेली तुझी मुलं इथे पहिला दिवस गोंधळतील. आधी थरांचा कल मोजायला लाव, खनिजं नंतर. बंडलमोट्टूच्या टेकडीत मुख्यतः शिसं आहे. नल्लकोंडा आणि धुकोंडा तांब्याच्या. खनिज ठरावीक थरांना धरून असल्यामुळे घडी चुकली की बोअरची जागाही चुकते.

इथे आधुनिक शोधाच्या कितीतरी आधी लोक खणून गेले होते. कंपनी सरकारच्या नोकरीतला निसर्गतज्ज्ञ बेंजामिन हाइन याने १८१४ साली छापलेल्या लेखनात इथल्या तांब्याच्या खाणींची हकिकत आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नकाशे आणि ड्रिलिंग केलं, मग बंडलमोट्टूचं शिसं हिंदुस्तान झिंकने काढलं. ती खाण आता बंद आहे.

जुन्या खड्ड्यांवरून जागा कळते, साठा कळत नाही. तांबं फार बोलकं असतं: अर्धा टक्का तांबं असलेल्या खडकावरही मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा थर चढतो आणि पाण्याबरोबर उताराखाली पसरतो. शिसं उलट. गॅलेना या शिशाच्या मुख्य खनिजावर अँग्लेसाइट आणि सेरुसाइट या शिशाच्याच खनिजांचं पांढुरकं कवच बसतं, ते सहज विरघळत नाही, म्हणून शिसं जागचं फारसं हलत नाही. मातीचे नमुने घेताना शिशाचा आकडा मूळ जागेच्या जवळचा मान, तांब्याचा आकडा उतार वर चढून तपास. पांढुरका दगड हातात घेऊन वजन बघायला शिकव. जड लागला तर फोडायचा.

चांदी डोळ्याला दिसतच नाही. ती बहुधा गॅलेनाच्या आत किंवा त्यातल्या टेट्राहेड्राइट या तांबं-अँटिमनीच्या खनिजाच्या सूक्ष्म कणांत असते. हिशेब असा: समज, शुद्ध गॅलेनात टनाला ५०० ग्रॅम चांदी आहे. खडकात ५% शिसं म्हणजे सुमारे ५.८% गॅलेना, कारण गॅलेनात ८६.६% शिसं असतं. मग खडकात टनाला २९ ग्रॅम चांदी. वेचक ढेकळाचा आकडा सगळ्या टेकडीला लावणं ही या धंद्यातली सर्वांत महागडी चूक.

आता कोअरबद्दल, म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेल्या खडकाच्या दांड्याबद्दल, कारण खरी गडबड तिथेच होते. गॅलेना घनाकार फुटतो, ठिसूळ आहे; ड्रिलच्या पाण्यात दळून वाहून जातो आणि कठीण क्वार्टझाइट तेवढा शिल्लक राहतो. ३ मीटरच्या रनमध्ये, म्हणजे ड्रिलच्या एका खेपेत, २.१ मीटर कोअर आला तर रिकव्हरी (हाती आलेला भाग) ७०%, पण हरवलेला भाग नेमका शिशाचा असू शकतो. खनिजपट्ट्यात रन १ ते १.५ मीटरचे ठेवायचे, पाण्याचा दाब कमी, ट्रिपल ट्यूब (कोअर जपणारी तीन नळ्यांची रचना) वापरायची. थर कोअरच्या अक्षाशी ३०° करत असेल तर कोअरमधले ४ मीटर म्हणजे खरी जाडी २ मीटर. घनताही मोजायची: डोलोमाइट घन सेंटिमीटरला २.८५ ग्रॅम धरला तर १०% शिशाच्या खडकाची घनता ३.०७ च्या आसपास जाते, म्हणजे नुसता डोलोमाइटचा आकडा वापरला की टनेज (साठ्याचं एकूण वजन) ७% कमी येतं.

प्रयोगशाळेला नमुन्यात गॅलेना भरपूर आहे हे आधी कळव. अॅक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात) विरघळवलेला नमुना पातळ आणि थंड झाला की शिशाचं क्लोराइड खाली बसतं, चांदीचंही बसतं, आणि दोन्ही आकडे कमी येतात. हायड्रोक्लोरिक आम्ल पुरेसं तीव्र ठेवावं लागतं. चांदी जास्त असेल तर फायर अॅसे (नमुना भट्टीत वितळवून करायची चाचणी) करून घे.

मुलांना जुन्या बोगद्यांत उतरू देऊ नकोस. आत हवा खराब असते आणि छत कधीही येतं. दगड हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत. शिशाची धूळ पोटात जाते ती याच वाटेने.

तुझा,
अविनाश