उतरंडीची चौथी पायरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या घरगुती बिअरवरचा लेख वाचला. मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) तयार अर्काच्या डब्याऐवजी त्याच्या भरडीपासून बिअर करणारे लोक पंप न घेता नुसत्या उतारावर काम कसे भागवतात, याची आकृती त्यात होती: वर गरम पाण्याचे भांडे, मध्ये मॅश टन (भरड गरम पाण्यात मुरवण्याचे भांडे), खाली उकळण्याचे पातेले. कल्पना बरोबर आहे, आकृती चुकली आहे. न्यू जर्सीत हे काम नेहमी करणाऱ्या आम्हा काही मराठी मंडळींना त्यातल्या दोन चुका धोक्याच्या वाटल्या, म्हणून हे पत्र.

पहिली चूक उंचीची. आकृतीतले पातेले जमिनीवर आहे. मग उकळून झालेला १९-२० लिटर वर्ट (भरडीतून उतरलेला गोड रस) आंबवण्याच्या बादलीत जाणार कसा? कोणीतरी पातेले उचलून ओतणार, आणि भाजण्याचे अनेक प्रसंग अशा उचलाउचलीतच घडतात. उतरंड खरे तर चार पायऱ्यांची असते आणि तिची मापे खालून वर घ्यायची असतात. २५ लिटरची बादली सुमारे ४० सें.मी. उंच, म्हणून पातेल्याची तोटी जमिनीपासून निदान ४५ सें.मी. वर हवी. पातेले स्वतः ४० सें.मी., म्हणजे मॅश टनचा तळ ८५-९० सें.मी.वर. मॅश टन म्हणून वापरलेला कूलर ५० सें.मी. धरला, तर पाण्याच्या भांड्याचा तळ १४० आणि काठ १८० सें.मी.पर्यंत जातो. डोक्याच्या वर ७७ अंशांचे १७ लिटर पाणी! हा भार फळ्यांच्या हलत्या रॅकवर किंवा घडीच्या शिडीवर ठेवू नये. घडवंची रुंद पायांची, तिरके आधार दिलेली आणि भिंतीला बांधलेली असावी. पाणी खालीच तापवावे आणि वरच्या भांड्यात तांब्या-तांब्याने न्यावे. वर शेगडी पेटवणे आम्हाला मुळीच पटत नाही.

दुसरी चूक मॅश टनच्या तोटीची. ‘तोटी पूर्ण उघडावी’ असे लेखात म्हटले आहे. पाणी वरून सतत सोडत भरडीतली उरलेली साखर धुऊन काढण्याच्या पद्धतीत असे केले, की दहा मिनिटांत धार थांबते. मॅश टनमध्ये गाळणीचे काम मॉल्टची टरफले करतात. खालची जाळी फक्त त्यांना अडवून धरते. जोराने ओढले की चोथा दाबला जाऊन विटेसारखा घट्ट बसतो. उताराच्या मांडणीत एक छुपी गोष्ट आणखी असते. तोटीला लांब नळी जोडून ती खालच्या पातेल्यापर्यंत सोडली आणि नळीच्या खालच्या टोकाला चिमटा लावून धार आवरली, तर भरलेली नळी सायफनसारखी चोथ्याला खाली खेचते. म्हणून धार मॅश टनच्या तोटीवरच आवरावी. ती मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवावी आणि चोथ्यावर दोन-तीन सें.मी. पाणी कायम उभे असावे, म्हणजे जितके खाली जाते तितकेच वरून यायला हवे. मध्ये एक छोटे उघडे भांडे ठेवून त्यात धार पडू दिली तरी ओढ तुटते. जुन्या ब्रुअऱ्यांत असे भांडे असायचे, त्याला ग्रँट म्हणतात.

धार अडलीच तर तोटी बंद करावी, चोथा लाकडी पळीने हलवावा, दहा मिनिटे बसू द्यावा आणि पहिले तीन-चार लिटर पुन्हा वरून ओतून गढूळपणा गेल्यावरच पुढे जावे. फार बारीक दळण आणि टरफल नसलेला गहू ही नेहमीची कारणे. भरडीत निम्मा गहू असेल तर पाव किलो भाताचे तूस आधीच मिसळावे. तुसाला चव नसते.

मापांबद्दल लेख मोघम आहे. १९ लिटर बिअरसाठी साधारण ५ किलो मॉल्ट घ्यावे. किलोला ३ लिटर या हिशेबाने १५ लिटर पाणी. भरड २० अंशांची असेल तर पाणी ७३-७४ अंशांचे हवे, म्हणजे मिश्रण ६७ वर स्थिरावते. कूलर आधी उकळत्या पाण्याने दहा मिनिटे तापवून घेतला नाही, तर त्याच्या भिंतीच दोन-तीन अंश खातात. मिश्रण ६४-६५ ला येते आणि बिअर पातळ, कोरडी होते. चोथा किलोमागे सुमारे १ लिटर पाणी धरून ठेवतो, तळाशीही लिटरभर राहते. म्हणून धुण्यासाठी १७ लिटर धरले की पातेल्यात २६ लिटर उतरते, आणि तासभराच्या उकळीत आटून, गाळ सोडून हवे तेवढे उरते. धुण्याचे पाणी ७७ अंशांपुढे नेऊ नये, टरफलातला तुरटपणा उतरतो.

जुगाडात काय चालते आणि काय चालत नाही, हेही सांगायला हवे. मैदानावर दिसणारा ३८ लिटरचा नारिंगी गोल कूलर उत्तम. त्याची प्लॅस्टिकची तोटी काढून अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा आणि आत-बाहेर सिलिकॉनचे वॉशर घालावेत. गाळणीसाठी पाण्याच्या जोडनळीवरची स्टीलची विणलेली जाळी आतली नळी काढून वापरता येते. तिचे मोकळे टोक दुमडून चेपावे. बागेची नळी नको: गरम वर्टला रबराचा वास लागतो आणि नळी मऊ पडून सटकते. सिलिकॉनचीच नळी क्लिप लावून घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. ५८ लिटरचा बिअरचा केग (धातूचे पिंप) कापून पातेले करतात, पण अनामत भरून आणलेला केग ब्रुअरीच्याच मालकीचा असतो. रीतसर विकत घेतलेला असला तरी कापण्याआधी त्यातला दाब सोडावा. प्रोपेनची शेगडी बंद गॅरेजमध्ये पेटवू नये.

एवढी चढण नको असेल तर सोपा रस्ता आहे. कूलरमधला वर्ट पूर्ण काढून घ्यावा, मग १७ लिटर पाणी एकदम ओतून ढवळावे, गढूळ वर्ट पुन्हा वर ओतावा आणि उरलेला काढावा. चोथ्यातून थोडी साखर कमी निघते, तिची भरपाई पाव-अर्धा किलो जास्त मॉल्टने होते. पण वरचे भांडे आणि त्याची पायरी दोन्ही वाचतात. यात धार जरा मोठी ठेवली तरी चालते. कदाचित लेखकाची गल्लत इथेच झाली असावी.

शेवटी कायद्याबद्दल, कारण लेखात तो अर्धाच आला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली: एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २००, आणि विक्रीला बंदी. राज्यांनी आपापल्या सवडीने मान्यता दिली. मिसिसिपी आणि अलाबामा तर २०१३ मध्ये आले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘पुण्यातही गच्चीवर करून पाहा’ हे लेखातले वाक्य आपण दुरुस्तीसह मागे घ्यावे, ही विनंती.

आपले,
न्यू जर्सीतील काही मराठी वाचक