दुहेरीचं खूळ

मडगाव,
चवथीनंतरचा रविवार

प्रिय अन्या,

फोनवर तू महेश भूपतीचं नाव काढतोस आणि बोलणं तिथेच संपतं, म्हणून लिहितोय. गुडघा बरा आहे, आईची साखर आटोक्यात.

भाच्याने जाहीर केलंय, टेनिसमधली एकेरी बंद, यापुढे फक्त दुहेरी. वय सतरा! कारण काय, तर लिअँडर पेस चाळिसाव्या वर्षी अमेरिकन ओपनची दुहेरी जिंकला. घरच्यांना पटलंय सुद्धा. अर्धंच कोर्ट सांभाळायचं, गुडघे टिकतात, शिवाय लिअँडर आपला गोंयकार. (हरला की कलकत्त्याचा, हे तुला माहीत आहेच.)

अरे, पण एकेरी टाकून त्याने दुहेरी धरली असं झालंच नाही! 1990 चं विम्बल्डन ज्युनिअर एकेरीचं. 1996 चं अटलांटा ऑलिंपिकचं कांस्य, खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कुस्तीतल्या पदकानंतरचं आपलं पहिलं वैयक्तिक पदक, तेही एकेरीचं. मनगट दुखावलेलं, ब्राझीलच्या मेलिजेनीने पहिला सेट 6-3 घेतलेला, आणि पठ्ठ्याने पुढचे दोन 6-2, 6-4 काढले. 1998 ला न्यूपोर्टच्या गवतावर एकेरीची स्पर्धा जिंकला, ऑगस्टमध्ये न्यू हेवनला सॅम्प्रसला 6-3, 6-4 असं हरवलं. तरी एकेरीच्या क्रमवारीत 73 च्या वर चढला नाही, कारण बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, मारामारी करण्याएवढे फटके नव्हते. समोरच्याची सर्व्हिस हलक्या कापट्या फटक्याने परतवायची (चिप) आणि नेटकडे सुटायचं. एकट्याने अख्खं कोर्ट झाकून जे पाय तयार झाले, ते पुढे दुहेरीत दिसले. 1999 ला चारही ग्रँड स्लॅमच्या फायनल उगाच नाही गाठल्या. बरं, त्यात महेशही होता. आणि 1997 ला फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकून भारताचं पहिलं ग्रँड स्लॅम त्यानेच आणलं. लिहून दिलंय, जपून ठेव, पुन्हा म्हणणार नाही.

आता आमच्या चिरंजीवांची, म्हणजे भाच्याची, व्हॉली, चेंडू टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका. रॅकेट खांद्यामागे नेतो, चेंडू बेसलाइनपार. सर्व्हिस करून धावतो तो थांबतच नाही. समोरचा खेळाडू फटका मारतो त्या क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी हवी. ती नसली की रिटर्न पायात येतो, हा कसाबसा उचलतो आणि नेटवरचा गडी ठोकतो. पोचिंगला, म्हणजे जोडीदाराच्या बाजूचा चेंडू नेटवर मधेच पकडायला, लवकर निघतो. रिटर्न करणाऱ्याने फटका ठरवून नजर चेंडूवर खिळवली की निघावं. हा आधीच हलतो, तो बघून समोरचा ट्रॅमलाइनमधून, म्हणजे बाजूच्या अरुंद पट्टीतून, चेंडू काढतो.

शिवाय हिशेब बघ. दुहेरीत प्रवेश दोघांच्या रँकिंगच्या बेरजेवर, आणि त्या बेरजेत एकेरीचं रँकिंग चालतं. म्हणजे एकेरीचे चार पॉइंट असलेला पोरगा दुहेरीतही आत आणि हा दाराबाहेर. एम15 मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिसच्या सर्वात खालच्या पायरीच्या स्पर्धेत, सगळं मिळून बक्षीस 15 हजार डॉलर, त्यातला मोठा वाटा एकेरीला. दुहेरीचा उरलेला जोडीदाराशी वाटायचा. 40-40 ला एकाच पॉइंटवर गेमचा निकाल, तिसऱ्या सेटऐवजी 10 पॉइंटचा टायब्रेक. दोन डबल फॉल्ट, की बस पकडा. हे मी सांगितलं तर मामाची कटकट. त्याची आई म्हणते, तुला कोणाचं चांगलं बघवत नाही.

तुझ्या क्ले कोर्टचा रोलर आला का? वहिनींना नमस्कार. चिंगीची दहावी ना यंदा? अभ्यासावरून फार छळू नकोस. सोलं (आमसुलं) पाठवतोय.

दिवाळीनंतर पंधरा दिवस त्याला पुण्याला ठेवून घे. सकाळी एकेरीचे सेट, तेही तुझ्या त्या बेसलाइनवर चिकटणाऱ्या पोरांशी. संध्याकाळी पाठ कुंपणाच्या जाळीला टेकवून व्हॉली, म्हणजे रॅकेट मागे जायला जागाच उरणार नाही. हे माझं डोकं आहे असं बोलू नकोस, नाहीतर मुद्दाम उलट करील. आणि येताना रॅकेटला नॅचरल गट (प्राण्याच्या आतड्याची तार) लावून येईल, ती आधी काढ. इथल्या दमटपणात तिचे धागे सुटलेत. पॉलिएस्टरची तार लाव, 50 पौंड ताणावर. पैसे मी देतो, पण त्याच्यासमोर मागू नकोस.

तुझा,
बाळा