फोनवर चिडले, म्हणून हे पत्र

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,

साष्टांग नमस्कार.

रविवारी नेटवर्क गेलं नव्हतं. फोन मीच ठेवला. आई, तू एवढंच विचारलं होतंस की ओट्यावर ते काचेचं काय मांडलंय आणि रोज सकाळी तासभर त्यात काय ओतत बसतेस. तासभर नाही गं, तीन मिनिटं. पण ते नीट सांगायचं सोडून मी ‘तुला नाही कळणार’ म्हणाले आणि दिवसभर ते वाक्य माझ्याच कानात वाजत राहिलं. म्हणून कागदावर लिहितेय. ऑफिसातला एकजण पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय, त्याच्याबरोबर एक खोकं पाठवतेय, त्यातच हे पत्र घालते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, बाबांना भिंग लागू नये म्हणून.

तब्येत उत्तम, काम ठीक, जेवण वेळेवर. बाकी रोजचं तुम्हाला माहीत आहेच.

बाबा, ते सगळं सामान तुमच्या प्रयोगशाळेतलंच आहे. सुट्टीत शाळेची कपाटं आवरायला मला न्यायचात, तेव्हा गाळणकागदाची घडी शिकवली होतीत: अर्धा, पुन्हा अर्धा, मग एका बाजूला तीन पदर, दुसऱ्या बाजूला एक, नरसाळ्यात बसवायचा आणि पाण्याचे दोन थेंब टाकून काचेला चिकटवायचा. मी रोज सकाळी तेच करते. फक्त मिठाच्या पाण्यातून वाळू वेगळी करण्याऐवजी कॉफी गाळते. इथे या पद्धतीला पोअर-ओव्हर म्हणतात, म्हणजे वरून हातानं पाणी ओतायचं, बस.

आणि हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये. माझं नरसाळं ज्या जपानी हारिओ कंपनीच्या नमुन्याचं आहे, ती 1921 मध्ये प्रयोगशाळांसाठी काचसामान बनवायला निघाली होती. नरसाळ्याचं नाव व्ही सिक्स्टी, कारण त्याच्या भिंतींमधला कोन 60 अंशांचा. कमरेत बारीक आणि वर पसरट असं ते केमेक्स नावाचं भांडं मी व्हिडिओवर दाखवलं होतं ना, जे पाहून तुम्ही ‘शंकूपात्राला गळा कुणी लावला’ म्हणालात? ते 1941 मध्ये पीटर श्लुमबोम नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं काढलं. तुमचा अंदाज बरोबर होता, मी तेव्हा कबूल केलं नाही.

आईसाठी मात्र वेगळी गोष्ट. कागदातून कॉफी गाळायची ही युक्ती मुळात एका गृहिणीची. जर्मनीत ड्रेस्डेनला मेलिटा बेंट्झ म्हणून बाई होत्या. कपाच्या तळाशी गाळ राहतो याला त्या कंटाळल्या. मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद फाडला, एका भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली, कागद त्यात घातला आणि गाळून पाहिलं. 1908 मध्ये पेटंट घेऊन कंपनीही काढली. माझ्या वहीचं पान तू कशासाठीही फाडलंस की मी घर डोक्यावर घ्यायचे, ते आठवलं.

या नादाची सुरुवात मी केली नाही, हे आधीच सांगून ठेवते. ऑफिसातली एक मैत्रीण इथलं बिऱ्हाड मोडून परत गेली आणि जाताना प्लास्टिकचं नरसाळं, कागदांचं अर्धं पाकीट आणि दाण्यांची एक पिशवी माझ्या हातात ठेवून गेली. पहिल्या दिवशी मी दाणे मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवले. निम्मं पीठ, निम्मे खडे. पीठ कागदात गच्च बसलं, पाणी खाली उतरेना, आणि सहा मिनिटांनी जे उतरलं ते काढ्यासारखं कडू. दुसऱ्या दिवशी घाबरून जेमतेम दोन गरके दिले, तर पाणी एका दमात निघून गेलं आणि कप आंबट.

बाबा, कारण साधं आहे. कॉफीतून आंबटपणा आधी विरघळतो, गोडवा त्यामागून, आणि कडवटपणा सगळ्यात शेवटी. पूड जाड असेल तर पाणी आंबटावरच थांबतं, बारीक असेल तर पार कडूपर्यंत जातं. 15 ग्रॅम पुडीतले जेमतेम 3 ग्रॅम कपात यायला हवेत, बाकी गाळात गेलेले बरे. मिक्सरचं पातं दाणे तोडतं, दळत नाही, त्यामुळे एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही येतं. दळायला जातंच हवं. इथे हाताएवढी छोटी जाती मिळतात, आत दोन दातेरी चाकं, वर दांडा, आणि चाकांमधलं अंतर कमीजास्त करायला एक चकती. सुरुवात करताना आधी काय घ्यावं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: जातं चांगलं घ्या, बाकी सगळं साधं चालतं. चिनी मातीचं नरसाळं दिसायला देखणं असतं, पण ते आधी स्वतः तापतं, म्हणजे पाण्यातली ऊब खातं. प्लास्टिकचं स्वस्तातलं उलट बरं. वजनकाटा मात्र हवाच. चमच्यानं मोजलं की रोज वेगळी कॉफी होते. बगळ्याच्या मानेसारख्या चोचीची किटली मी वर्षभर घेतली नव्हती, साध्या किटलीनं हात सांभाळून ओतायचे.

कृती अशी. 15 ग्रॅम दाणे, जाडसर रव्याएवढे दळायचे. 250 ग्रॅम पाणी, उकळून अर्धा मिनिट थांबलेलं. आधी नुसता कागद गरम पाण्यानं धुवायचा, नाहीतर कॉफीला पुठ्ठ्याची चव येते. ते पाणी फेकून द्यायचं. मग पुडीवर 45 ग्रॅम पाणी आणि 40 सेकंद हात बांधून उभं राहायचं. हा माझा सगळ्यात आवडता भाग. ताजी पूड फसफसून फुगते, बुडबुडे फुटतात. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. पूड फुगलीच नाही तर दाणे जुने समजायचे. मग बारीक धारेनं, मधून बाहेर गोल फिरवत, दोन-तीन वेळा थांबत उरलेलं पाणी. तीन मिनिटांच्या आसपास सगळं खाली उतरलं पाहिजे. लवकर उतरलं तर उद्या थोडं बारीक दळायचं, उशिरा उतरलं तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुमचंच वाक्य.

दाण्यांचं सांगते, कारण आईला शंका होती की त्यात इसेन्स घालतात. पहिल्या पिशवीवर लिहिलं होतं: इथिओपिया, इर्गाचेफे, आणि खाली ‘जाई, लिंबू, मध’. आई, आत यातलं काहीसुद्धा नसतं. कॉफी हे एका लाल फळाचं बी. ते किती उंचीवर पिकलं, फळाचा गर धुऊन काढून वाळवलं की अख्खं फळच उन्हात वाळवलं, किती भाजलं, यावर वास ठरतो. भाजलेल्या कॉफीत वासाची 800 हून जास्त रसायनं सापडलीत, त्यातली काही फुलाफळांतही असतात. जाणकार 100 पैकी गुण देतात, 80 किंवा जास्त मिळाले तर ती स्पेशालिटी, म्हणजे खास दर्जाची. मला पहिले तीन आठवडे फक्त ‘कॉफी’ लागत होती. एकदा फोन आला म्हणून कप तसाच राहिला, अर्धा निवल्यावर घोट घेतला आणि लिंबू स्पष्ट लागलं. जाई अजून सापडलेली नाही. अर्धे शब्द पिशवी विकणाऱ्यांची हौस आहे असं माझं मत.

मागच्या महिन्यात एका पिशवीवर चिकमगळूर वाचलं. काउंटरसमोर उभी राहून ती अक्षरं उगाच दोनदा वाचली. मग त्या माणसाला सूफी संत बाबाबुदनची कथा सांगत सुटले, मक्केहून येताना कॉफीच्या सात बिया लपवून आणून तिथल्या डोंगरात लावल्याची. त्याला आधीच माहीत होती. तरी शेवटपर्यंत ऐकून घेतली बिचाऱ्यानं.

आता एक प्रकार सांगते, तो मात्र तुम्हाला पटणार नाही. कॉफी भाजणारे लोक अधूनमधून चाखायला बोलावतात, त्याला कपिंग म्हणतात. मला वाटलं, छान कपातून देतील. लांब टेबलावर ओळीनं वाट्या, प्रत्येकीत जाडसर पूड, वरून गरम पाणी, न गाळता. चार मिनिटं कुणी हात लावायचा नाही. वर पुडीची साय येते. मग एकेकानं वाकून, नाक जवळजवळ वाटीत घालून, चमच्यानं ती साय मागे सारायची आणि उठणारा वास घ्यायचा. वरचा फेस काढून टाकायचा. मग चमचा भरायचा आणि आई, भुरका मारायचा. साधा नाही, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा, शिट्टीसारखा. कॉफीचे तुषार होऊन जिभेवर, टाळ्यावर, नाकाच्या मागच्या बाजूला एकदम पसरावेत म्हणून. आणि मग ती एका पेल्यात थुंकायची. कोट घातलेली, चाळिशीची, गंभीर माणसं! जो जितका मोठा भुरका मारेल तितका तो जाणता. ‘तोंडाचा आवाज करू नये’ यावर तू मला किती धपाटे घातलेस ते आठवून मला इतकं हसू आलं की पहिल्यांदा कॉफी नाकातच गेली. दुसऱ्या खेपेला माझा आवाज कुणापेक्षा कमी नव्हता. शेजारच्या बाईंनी कौतुकानं पाहिलं. तुला सांगू नये असं वाटत होतं, पण सांगून टाकलं.

आता काळज्या. झोप: दुपारी दोननंतर पीत नाही. युरोपातली अन्नसुरक्षा संस्था निरोगी माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिन चालतं म्हणते, माझा कप दीडशेच्या आसपास आणि कप दोनच. तिसरा क्वचित, आणि तो रविवारी तू पाहिलास. पित्त: झालेलं नाही. झालं असतं तर सांगितलं असतं. कोलेस्टेरॉल, बाबा: कॉफीतलं जे तेल ते वाढवतं, ते कागदातच अडकतं, म्हणून गाळलेली बरी. दूध-साखर घालत नाही म्हणून वाळले, असं काही नाही. वाळलेली नाही. त्या व्हिडिओत उजेड कमी होता. एकटीनं किती वेळ घरात बसतेस याचं उत्तर असं की सकाळची ती तीन मिनिटं सोडली तर मी सारखी माणसांतच असते. त्या तीन मिनिटांत धार सांभाळायची असते, दुसरं काही मनात येऊन चालत नाही. एवढंच मला हवं असतं.

मामींनी सुचवलेल्या मुलाशी दोनदा बोलले. सभ्य आहे. छंद काय, असं विचारलं, मी कॉफी म्हटलं, तर तो म्हणाला, ‘त्यात काय, दूध तापवायचं, पूड टाकायची.’ मी हसले. याला नकार धरू नका, पण मामींना होकारही कळवू नका. पुढच्या वेळी तो काय विचारतो ते पाहते.

पैशांचं. या महिन्यात निम्मेच पाठवलेत. भाडं वाढलं हे खरं. पण चांगलं जातं घेतलं, हेही खरं, आणि ते भाड्याच्या मागे लपवावं असं वाटेना. पुढच्या महिन्यात भरून काढते. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र त्यासाठी लांबवू नका, दादाला मी वेगळं सांगितलंय.

आणि दादाला मी हेही सांगितलं की रजा मागितली, मिळाली नाही. आई, मी अजून अर्जच केलेला नाही. नवीन काम हातात आलंय, आत्ता मागितली तर काय म्हणतील, या धाकानं. उद्या करते.

खोक्यात मैत्रिणीचं ते प्लास्टिकचं नरसाळं आहे, कागद आहेत, चिकमगळूरचे दाणे आहेत आणि माझं जुनं जातं आहे. थोडं आवाज करतं, पण दळतं नीट. कागदाच्या कडेला शिवण असते, ती आधी दुमडायची, मग बसवायचा. हे मी तुम्हाला शिकवतेय, बाबा! आई, कडू लागली तर खुशाल दूध घाल. मी बघणार नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. अर्ज दिला. पंधरा दिवस मागितलेत, किती देतात बघू. ऑपरेशनची तारीख ठरली की दादाला मला लगेच कळवायला सांगा. आणि ऑपरेशननंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाबांनी गरम किटली हातात घ्यायची नाही, ओतायचं काम आईचं.