स्विच २ का आणत नाही, त्याबद्दल

निशी-कासाई, टोकियो
१५ जून २०२५

चि. ओम यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

उद्या शाळा सुरू, आणि तुझ्या डोक्यात मात्र निन्टेंडो कंपनीचं नवं व्हिडिओ गेमचं यंत्र, स्विच २. दिवाळीत तो आणणार नाही म्हटल्यावर फोनवर तू एकदम गप्प झालास, म्हणून सविस्तर लिहिते. दादालाही वाचून दाखव. त्याला वाटतंय मी चिक्कूपणा करतेय.

इथे ४९,९८० येनला मिळतो तो फक्त जपानीत चालतो, जपानबाहेरचं खातंही त्याला जोडता येत नाही. सांगलीत बसून तू काय जपानी कांजी अक्षरं वाचणार? सगळ्या भाषांचा हवा तर ६९,९८० येन. म्हणजे निव्वळ भाषेचे आपले बारा हजार रुपये जास्त! तोही कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातच, सोडतीत नाव निघालं तर. एप्रिलच्या सोडतीला जपानात २२ लाख अर्ज आले. अट काय, तर जुन्या स्विचवर ५० तास खेळलेलं हवं आणि वर्षभराची ऑनलाइन वर्गणी भरलेली हवी. पोळपाटावरचे तास धरले असते तर माझा नंबर लागला असता.

बरं, एवढं करून खेळायचं काय? मारिओ कार्ट वर्ल्ड झकास आहे. दुकानात एका पोराच्या मागे दहा मिनिटं उभी राहून पाहिला, २४ गाड्या एकदम सुटतात. पण बाजूच्या फळीवर? सायबरपंक हा खेळ २०२० सालचा, याकुझा झीरो २०१५ चा, झेल्डा २०१७ चा. शिळ्या कढीला ऊत. पहिला स्विच आला तेव्हा हाच झेल्डा नवाकोरा होता, त्याच्यासाठी लोकांनी यंत्र घेतलं. एक खोका उचलला तर खाली पट्टी: कार्डात खेळ नाही, नुसती किल्ली, खेळ डाउनलोड करून घ्या. लाडवाच्या डब्यात लाडवाची चिठ्ठी!

माझं डोकं फिरलं ते वेलकम टूरवरून. यंत्रात काय काय आहे ते दाखवणारा खेळ, आणि त्याचे ९९० येन. मिक्सरबरोबरचं माहितीपत्रक कोणी विकत घेतं का रे? याच कंपनीने अमेरिकेत आपल्या जुन्या ‘वी’ यंत्राच्या खोक्यातच ‘वी स्पोर्ट्स’ हा खेळ दिला होता.

कंपनीचे अध्यक्ष फुरुकावांनी एप्रिलमध्ये माफी मागितली, पण ती यंत्रं कमी पडतील म्हणून. २०११ मध्ये त्यांचं थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचं यंत्र खपेना, तेव्हाचे अध्यक्ष इवाता यांनी किंमत उतरवली, आधी घेतलेल्यांना २० जुने खेळ फुकट दिले आणि स्वतःचा पगार निम्मा केला. अर्थात तेव्हा माल पडून होता. यंदा चार दिवसांत जगभर ३५ लाख यंत्रं गेली, मग कोण कशाला पगार कापून घेईल?

जुलैत डाँकी काँगचा नवा खेळ येतोय, तो बघू. दिवाळीत माझा जुना स्विच आणते, झेल्डासकट. त्याची भाषा इंग्रजी करता येते. वहिनीला सांग, गोडा मसाला संपत आलाय.

तुझी,
आत्या