मेस्तकाका, पाणी कुठे थांबतं ते दाखवलंत, त्याबद्दल

मेस्तकाका, सप्रेम नमस्कार.

खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाणथळ शेतजमिनीकडे, पाहणाऱ्या जांभ्याच्या उतारावर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी पक्षी बघण्यासाठी जो लाकडी मनोरा उभारला, तो तुमच्या सुतारकामाच्या जाणकारीशिवाय उभा राहिला नसता. भाराचं गणित पुस्तकातून करता येतं. 2 मीटर बाय 2 मीटरच्या माचीवर दर चौरस मीटरला 5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 500 किलोंचा भार धरला, तरी एका खांबाच्या वाट्याला जेमतेम अर्धा टन येतो, आणि 125 मि.मी. चौरस सागवान तो सहज पेलतं. पण गोव्यात लाकूड भाराने मोडण्याआधी पाण्याने कुजतं. पाणी कुठे थांबेल ते तुम्ही सांध्यासांध्यावर बोट ठेवून दाखवलंत. त्यासाठी हे जाहीर आभार.

खांब थेट चिऱ्याच्या जोत्यावर ठेवला तर दिसतो सुरेख. पण चिरा पाणी पितो, आणि खांबाचं कापलेलं टोक ते पाणी वर ओढून घेतं. म्हणून तुमच्या सांगण्यावरून 600 बाय 600 बाय 750 मि.मी.चे काँक्रीटचे चार ठोकळे केले. त्यांचा माथा चारी बाजूंना उतरता, त्यात खाऱ्या हवेतही सहसा न गंजणाऱ्या 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची पट्टी, आणि लाकूड काँक्रीटपासून 50 मि.मी. वर. खारं वारं लागणाऱ्या जागी साधं लोखंड वापरूच नये. या मोकळ्या जागेचा आणखी एक फायदा म्हणजे वाळवीने मातीची नळी वर चढवली तर ती लगेच नजरेस पडते. ठोकळा सुमारे साडेसहाशे किलोचा आहे, तो मनोरा खचू नये म्हणून नव्हे. रिकामा मनोरा हलका असतो, आणि वारा त्याला एका बाजूने उचलू पाहतो. पणजीसाठी बांधकामाच्या भारतीय मानकात हिशोबाला धरायचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे. कौलारू छप्पर गाळलं तेही याच कारणाने.

सगळ्यात मोलाची शिकवण खांबांच्या तिरकेपणाची. मनोरा तळाशी 3.2 मीटर, माचीपाशी 2 मीटर, उंची 4 मीटर. प्रत्येक खांब दोन्ही दिशांना 60 सें.मी. आत झुकतो. समोरून पाहिलं तर हा कल साडेआठ अंशांचा दिसतो, पण कोपऱ्याच्या रेषेत तो खरा 12 अंशांचा असतो. समोरच्या आराखड्यावर पट्टी लावली तर खांब 4.045 मीटर भरतो, प्रत्यक्षात तो 4.09 हवा. एवढ्या फरकाने चारही खांब साडेचार सेंटिमीटर आखूड कापले जातात. तुम्ही मनोऱ्याची एक बाजू जमिनीवर पूर्ण मापात आखायला लावलीत, तीही 4 मीटर उंचीची नव्हे, तर 4.045 मीटरची, कारण ती बाजू स्वतःच कललेली आहे. गेरूच्या दोरीने रेघ मारली, दोन्ही कर्ण 4.81 मीटर जुळले की आखणी बरोबर. तिरक्या गुण्याने, म्हणजे हव्या त्या कोनात फिरवून पक्का करता येणाऱ्या गुण्याने, तिथूनच कोन उचलायचे, आकडे वाचून नाही.

आणि ती 3 मिलिमीटरची गोष्ट! दुहेरी झुकलेल्या मनोऱ्याच्या शेजारच्या दोन बाजू एकमेकींशी काटकोन करत नाहीत, त्यांच्यात सव्वा अंश जास्त भरतो. चौरस खांबाचा एक चेहरा एका बाजूशी जुळवला की दुसऱ्यावर बसवलेल्या आडव्या तुळईच्या एका कडेला जवळजवळ 3 मि.मी. फट राहते. बोल्ट आवळला की ती मिटल्यासारखी वाटते, पण पाणी शिरतंच, आणि सांधा आतून काळा पडतो. खांबाच्या त्या चेहऱ्यावर एकीकडून रंधा मारून तुम्ही ती फट मुळातच ठेवली नाहीत. असं काम संगणकावर शिकवता येत नाही.

मुलांनी आधी केलेल्या मनोऱ्याच्या छोट्या नमुन्यात सांधे फेविकॉलने चिकटवलेले होते, त्यामुळे तो हलत नव्हता. बोल्टचा सांधा मात्र फिरतो. टाचण्यांचे सांधे करून नमुना पुन्हा बनवल्यावर तिरक्या पट्ट्यांची गरज हातालाच कळली. त्या पट्ट्या मधोमध खाच पाडून एकमेकींत बसवल्या असत्या तर तिथे त्यांची निम्मी ताकद गेली असती आणि खाचेत पाणी साचलं असतं. एक खांबाच्या बाहेरून, दुसरी आतून गेली, म्हणजे दोघी एकमेकींना शिवतच नाहीत. बोल्ट 12 मि.मी.चे, पट्टीच्या टोकापासून निदान 84 मि.मी. आत. याहून जवळ घेतले तर लाकूड रेषेत चिरतं.

माचीच्या 120 मि.मी. रुंद फळ्यांमध्ये 8 मि.मी. फट. मे महिन्यात कोरडी असलेली फळी जुलैत दीड-दोन मिलिमीटर फुगते. 3 मि.मी. फट ठेवली असती तर ती पानांच्या कचऱ्याने बुजली असती. जिन्याच्या बाजूच्या फळ्यांनाही खाचा नाहीत. पायऱ्या खालच्या गुटक्यांवर टेकल्या आहेत.

उभारणीत समोरासमोरच्या दोन बाजू जमिनीवर जोडून दोरांनी उचलल्या. एका खांबाचं वजन चाळीस किलोंच्या वर, म्हणून तात्पुरत्या तिरक्या टेकूंशिवाय कुणी हात सोडायचा नाही, हा तुमचा नियम. तळाचे दोन्ही कर्ण 4.525 मीटर आल्यावरच बोल्ट पूर्ण आवळले.

आता पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात टोच्याने प्रत्येक सांधा टोचून लाकूड कुजून मऊ झालंय का ते पाहायचं, सैल बोल्ट आवळायचे, फटींतला कचरा काढायचा. त्या पाहणीला तुम्ही यावं, अशी विनंती. पूर्ण मापाची आखणी कार्यशाळेच्या जमिनीवर पुसू दिलेली नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांनाही तिच्यावरून कोन उचलायला तुम्हीच शिकवावं.

आपले,
वास्तुकलेचे शिक्षक आणि विद्यार्थी