पातेल्याभोवती

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, राग मानू नकोस. काल बाबांना घेऊन घराजवळच्या छोट्या जपानी हॉटेलात जेवायला गेलो होतो. परत आल्यावर पहिली आठवण तुझीच झाली.

बाबांचं जेवण तू पाहिलं आहेस. दहा मिनिटांत ताट स्वच्छ आणि हात धुवायला उठले. काल मात्र ते दीड तास बसले!

टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर पातेलं. त्यात नुसतं पाणी आणि तळाशी कोम्बूची काळपट पट्टी, म्हणजे सुकवलेलं समुद्री शेवाळ. पाण्याला उकळी फुटणार तेवढ्यात मालकीणबाईंनी ती अलगद उचलून घेतली. उकळली तर पाणी बुळबुळीत होतं, कडवटपणा उतरतो, म्हणाल्या. ह्याच कोम्बूच्या पाण्यावर काम करून इकेदा किकुनाए ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली गोड, आंबट, खारट आणि कडू ह्यांपलीकडची 'उमामी' ही चव ओळखली, हे वाचलेलं होतं. पण चमचाभर पाणी तोंडात घेतलं तेव्हा ते खरं कळलं. ना मीठ, ना मसाला, तरी जिभेवर चव कितीतरी वेळ रेंगाळते.

पोर्कचे काप इतके पातळ की खालच्या बशीची नक्षी दिसावी. एक काप चॉपस्टिकने धरायचा आणि धुणं खळबळतो तसा पाण्यात हलवायचा. गुलाबी रंग पार जाऊन पांढरट झाला की बाहेर. ह्या खळबळण्याच्या आवाजावरूनच ह्या पदार्थाला 'शाबू-शाबू' हे नाव आलं. ओसाकातल्या सुएहिरो हॉटेलने १९५२ साली ते ठेवलं. मग काप तिळाच्या दाट सॉसमध्ये बुडवायचा, नाहीतर पोन्झूत, म्हणजे लिंबासारख्या फळाचा रस घातलेल्या आंबट सोया सॉसमध्ये. मला विचारशील तर पोन्झूच, आणि तोही कोबीबरोबर.

एका वेळी एकच काप शिजतो, त्यामुळे घाई करताच येत नाही. बाबा वर येणारा फेस जाळीच्या पळीने काढत बसले. मध्येच त्यांनी स्वतः शिजवलेला एक काप काही न बोलता माझ्या वाटीत ठेवला. मित्रा, मला भरून आलं.

सुशीही मागवली. आपण तिला कच्चा मासा समजतो, पण सुशीचा जीव व्हिनेगर लावलेल्या भातात असतो. गोळा कोमट, हलक्या हाताने दाबलेला, तोंडात शीत न् शीत मोकळं होतं. सोया सॉस माशाच्या बाजूने लावायचा, भाताच्या नाही; भात लगेच शोषून घेतो आणि सुटतो. बाबांनी कच्च्या माशाला हात लावला नाही, गोडसर ऑम्लेटची सुशी मात्र दोनदा मागितली.

शेवटी पातेल्यात उरलेल्या रसात भात टाकून वर अंडं फेटून घातलं. सगळ्या जेवणाची चव त्या एका वाटीत होती. ती खाताना बाबा त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या खोलीबद्दल बोलत होते. मी हे सारं पहिल्यांदाच ऐकलं.

तू कधी येतोस? पातेलं तिघांना पुरतं. आणि कोम्बू केव्हा काढायचा, ते आता बाबाच तुला सांगतील.

तुझाच